ताळा पाहणारे घर

१८ एप्रिल ही धोंडो केशव कर्वे यांची जन्मतारीख. दरवर्षीप्रमाणे या दिवशी पुतळ्यांना हार पडतील, शाळा-महाविद्यालयांत भाषणे होतील, आणि त्या भाषणांत ‘महर्षी’ हा शब्द इतक्यांदा येईल की ज्यांच्याविषयी बोलणे चालले आहे ते गृहस्थ पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात १८९१ ते १९१४ अशी तेवीस वर्षे फळ्यासमोर उभे राहून गणित शिकवीत होते, हे ऐकणाऱ्यांना आठवणारही नाही. पांढरी दाढी आणि खांद्यावरचे उपरणे यांनी या माणसाचे मोठे नुकसान केले आहे. ऋषीचे वचन प्रमाण मानून पुढे जायचे असते. गणिताच्या मास्तरांनी सोडवलेल्या उदाहरणाचा मात्र ताळा करून पाहायचा असतो, आणि तो विद्यार्थ्याने करून पाहिला तर मास्तरांना राग येत नाही. कर्व्यांच्या एकशे चार वर्षांच्या आयुष्याकडे आणि त्यांच्या घरातल्या चार पिढ्यांकडे या नजरेने पाहिले तर ज्या गोष्टी हारांखाली झाकल्या गेल्या आहेत त्या दिसू लागतात.

दापोलीजवळच्या मुरूडचा हा मुलगा सरकारी परीक्षेला बसायला सोबत्यांबरोबर साताऱ्याला पायी निघाला. वाटेत कुंभार्ली घाट, अंतर शंभर मैलांहून जास्त. चार दिवस चालून मंडळी पोचली, तर तपासणाऱ्यांनी त्याच्या किरकोळ अंगलटीकडे पाहून निकाल दिला, की हा काही सतरा वर्षांचा दिसत नाही. बसता येणार नाही. पुढे शतक ओलांडून जगलेल्या माणसाला लहान दिसतो म्हणून परत पाठवण्यात आले, ही नियतीने केलेली थट्टा म्हणायची. आला तसा तो घाट उतरून परत गेला, आणि पुढच्या खेपेस कोल्हापूरला जाऊन तीच परीक्षा पास झाला. १९१५ साली लिहिलेल्या ‘आत्मवृत्ता’त हा प्रसंग आहे, पण रडगाणे नाही. पुस्तकाचा सूरच तसा आहे. कुठे किती चाललो, शिकवण्यांचे किती मिळाले, कुणाकडून किती वर्गणी आली. सुधारकाच्या आत्मचरित्रात वाचकाला आग हवी असते. इथे जमाखर्च मिळतो. काहींना तो रुक्ष वाटतो. आम्हाला त्यातच खरा कर्वे भेटतो असे वाटते.

कारण या माणसाची विज्ञाननिष्ठा प्रयोगशाळेतली नव्हती, किंवा व्याख्यानांतलीही नव्हती. देव आहे की नाही यावर त्यांनी सभा गाजवल्या नाहीत. ते काम त्यांचे नातलग आणि त्यांच्याच आधाराने शिकलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांनी केले. १८९९ साली केंब्रिजचे सीनियर रँग्लर झालेले परांजपे उघड नास्तिक होते, आणि पुढे तेच फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. म्हणजे ज्याला हाताला धरून शिकायला आणले त्याच्याच हाताखाली कर्वे पुढची बारा वर्षे शिकवीत राहिले. तुमच्या-आमच्या घरांत आणि कॉलेजांत एवढ्यावरून तोंडे फिरतात.

कर्व्यांचा वैज्ञानिकपणा होता तो उत्तर चुकते आहे असे दिसले की मांडणी बदलण्यात. पहिली पत्नी राधाबाई १८९१ साली गेल्या. पुन्हा लग्न करायचे तर विधवेशीच, असे ठरवून ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी गोदूबाईंशी लग्न केले. त्या पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या विद्यार्थिनी. लग्नानंतर त्या आनंदीबाई झाल्या, आणि सगळ्यांच्या बाया. मुरूडकरांनी कर्व्यांना वाळीत टाकले. त्याच वर्षी विधवाविवाहाला उत्तेजन देणारी मंडळी त्यांनी काढली. इथपर्यंतची गोष्ट शाळेतल्या पोरालाही पाठ असते. त्यानंतरची जास्त महत्त्वाची आहे. दोन-तीन वर्षे काम केल्यावर त्यांनी पाहिले, की लग्ने होतात ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि ज्या हजारो विधवा घरच्या कोपऱ्यात डोके भादरून बसल्या आहेत त्यांच्यापर्यंत हा उपाय पोचतच नाही. त्यांच्या हातात आधी शिक्षण हवे, पोटाची सोय हवी. मग १८९६ साली अनाथ बालिकाश्रम निघाला. आणि आश्रम चालायचा तर पुनर्विवाहाची चळवळ त्याच्यापासून वेगळी ठेवायला हवी, हेही त्यांनी ठरवले. सुधारक मित्रांना ही माघार वाटली. कर्व्यांच्या लेखी दोन अज्ञात राशी एकाच समीकरणात कोंबण्यात अर्थ नव्हता.

सदाशिव पेठेतला आश्रम प्लेगच्या दिवसांत शहराबाहेर न्यावा लागला, आणि १९०० साली रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी दिलेल्या हिंगण्याच्या जागेवर एक झोपडी उभी राहिली. आज त्या बाजूला जाणाऱ्या रस्त्याला कर्वे रोड म्हणतात आणि संध्याकाळी तिथे गाडी पुढे सरकत नाही. तेव्हा ती चिखलाची पायवाट होती. दिवसभर कॉलेजात गणित शिकवून संध्याकाळी शहरातून सामान घेऊन हिंगण्याला चालत जायचे, तिथल्या मुलींना शिकवायचे आणि सकाळी पुन्हा शहरात यायचे, हा या प्राध्यापकांचा नेम होता.

पुढे काही वर्षांत त्यांच्या लक्षात आले, की विधवा झाल्यावर शिकवणे म्हणजे आजार बळावल्यावर औषध देणे. मुलगी कुमारी असतानाच शाळेत राहिली तर लग्नाचे वय आपोआप पुढे जाईल. म्हणून १९०७ साली महिला विद्यालय. मग बनारसहून टपालाने एक पुस्तिका आली, जपानमधल्या स्त्रियांच्या विद्यापीठाची माहिती देणारी. १९१५च्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद आले आणि भाषणाची तयारी करताना ती पुस्तिका कामाला आली. १९१६ साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, पाच विद्यार्थिनींवर त्यांनी विद्यापीठ सुरू केले. पाच! आजच्या कुठल्याही शिक्षणसम्राटाने पाच विद्यार्थ्यांसाठी बालवाडीसुद्धा काढली नसती. सर विठ्ठलदास ठाकरसींचे पंधरा लाख रुपये आले ते त्यानंतर, १९२० साली. मातृभाषेतून उच्च शिक्षण हा या विद्यापीठाचा मोठा गुण, आणि स्त्रियांसाठी निराळा अभ्यासक्रम हे त्याचे वादाचे अंग. बायकांना घर सांभाळायचे आहे, तर त्यांना गृहशास्त्र आणि आरोग्यशास्त्र शिकवावे, हा विचार तेव्हाही सगळ्यांना पटला नव्हता, आजही पटू नये. पण त्यातून ज्या बाहेर पडल्या त्या घरात बसल्या नाहीत, हेही नोंदवले पाहिजे.

एका बाबतीत त्यांचे गणित बराच काळ चुकलेले होते. हिंगण्याचा आश्रम सुरुवातीला ब्राह्मण विधवांपुरता होता. विठ्ठल रामजी शिंदे यांनी आपली बहीण जनाक्का हिच्यासाठी तिथे प्रवेश मागितला, तो मिळाला नाही. शिंद्यांनी आपल्या आठवणींत ते लिहून ठेवले आहे. देणगीदार दुरावतील, असलेला आश्रमही बुडेल, ही त्या वेळची सबब. सबब खोटी नव्हती, पण ती सबबच होती. १९३६ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी खेड्यांतल्या प्राथमिक शाळांसाठी मंडळ काढले आणि त्यासाठी पुण्यात दारोदार फिरून पैसे-आणे गोळा केले. १९४४ साली, शहाऐंशीव्या वर्षी, समता संघ काढला. जातिभेदाविरुद्ध काम करण्यासाठी, माणसे सगळी सारखी हे सांगण्यासाठी. शहाऐंशीव्या वर्षी माणसे आपण आयुष्यात काय काय बरोबर केले ते सांगत बसतात. यांनी जे अपुरे राहिले होते ते काम हातात घेतले. समता संघाने फार मोठी मजल मारली असे नाही. जनाक्कांना त्याचा काही उपयोग होण्यासारखा नव्हता, हे तर उघडच आहे.

घरातल्या कर्त्या पुरुषाची विज्ञाननिष्ठा जोखायची खरी जागा मात्र घर हीच. बाहेर बुद्धिवाद सांगणारे आणि घरी आल्यावर ‘मी सांगतो ते ऐक’ म्हणणारे अण्णा आणि दादा आपण पुष्कळ पाहिले आहेत. कर्व्यांच्या घरात काय घडले?

थोरले रघुनाथ वडिलांसारखेच गणिताचे प्राध्यापक. १९१९ साली गणिताच्या अभ्यासासाठी पॅरिसला गेले आणि येताना संततिनियमनाचा विचार घेऊन आले. १९२१ साली त्यांनी मुंबईत त्याचे केंद्र काढले, आणि त्या पायी त्यांना प्राध्यापकाची नोकरी सोडावी लागली. १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक त्यांनी पदरमोड करून चालवले. अश्लीलतेचे खटले झाले, दंड झाले. १९३४च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. या सगळ्या काळात वडील काय करीत होते? स्त्रियांच्या शिक्षणासाठी त्याच समाजाच्या उंबऱ्यांवर उभे राहून वर्गणी मागत होते, जो समाज मुलाचे नाव घेतले की कानांवर हात ठेवत होता. वडिलांनी आयुष्यभर लोकांना सांभाळून घेतले. मुलाने कधी कुणाला सांभाळून घेतले नाही. वडिलांचा प्रश्न होता विधवेने जगावे कसे. मुलाने विचारले, की बाईने किती मुले व्हायची हे ठरवायचे कुणी, आणि तिला शरीरसुख हवे असेल तर त्यात लाजण्यासारखे काय. पुढच्या पिढीने आधीच्या पिढीचे उत्तर तपासायचे ते असे. १९५२ साली कुटुंबनियोजन हा सरकारी कार्यक्रम झाला. पुढच्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५३ रोजी रघुनाथराव गेले, आणि त्यांचे मासिकही नोव्हेंबरच्या अंकाबरोबर संपले. वडील तेव्हा पंच्याण्णव वर्षांचे होते. दीर्घायुष्याची ही किंमत अभीष्टचिंतनाच्या भाषणांत कुणी सांगत नाही. वडिलांना १९५८ साली भारतरत्न मिळाले, मुलाला काही मिळाले नाही. त्याच्यावरचा अमोल पालेकरांचा ‘ध्यासपर्व’ हा चित्रपट यायला २००१ साल उजाडले.

दुसरे एक चिरंजीव शंकरराव डॉक्टर होऊन पूर्व आफ्रिकेत मोंबासाला स्थायिक झाले. सत्तरी ओलांडलेले वडील, म्हणजे सगळ्यांचे अण्णासाहेब, विद्यापीठासाठी निधी गोळा करायला पंधरा महिने आफ्रिकेत फिरले, तेव्हा तिथल्या मराठी आणि गुजराती मंडळींशी त्यांचा संबंध आला. भास्करराव हिंगण्याच्या संस्थेत राहिले. दिनकरराव रसायनशास्त्राचे प्राध्यापक आणि पुढे फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. त्यांच्या पत्नी इरावतीबाई.

इरावतीबाईंचे शिक्षणाचे दिवस परांजप्यांच्या घरी गेले होते. परांजप्यांची मुलगी शकुंतला ही त्यांची मैत्रीण, आणि पुढे संततिनियमनाच्या कामात रघुनाथरावांची सहकारी. पुण्यातल्या त्या वर्तुळात सगळे एकमेकांत असे अडकलेले होते. ही सगळी मंडळी एकाच जातीतली, एकाच शहरातली, एकाच कॉलेजाच्या आवारातली होती, आणि त्यांच्या धाडसाला त्या आवाराचे कुंपण होते, हेही विसरू नये. इरावतीबाईंनी मानववंशशास्त्राच्या पीएच.डी.साठी बर्लिनला जायचे ठरवले तेव्हा सासऱ्यांचा विरोध होता, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. स्त्रियांसाठी विद्यापीठ काढणारा माणूस घरच्या सुनेला परदेशी शिकायला जाऊ नको म्हणतो! दिनकररावांनी साथ दिली, कर्ज काढले आणि त्या गेल्या. बर्लिनच्या संस्थेत त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, पुढे नाझी वंशशास्त्राचे मोठे प्रस्थ. कवटीचा डावा-उजवा भाग सारखा नसणे आणि वंश यांचा काही संबंध आहे का, हा विषय. इरावतीबाई कवट्या मोजत राहिल्या आणि निष्कर्ष दिला, की असा संबंध मापांतून निघत नाही. परमुलखात, बाई, कर्ज काढून आलेली, आणि गुरुजींना जे हवे होते ते आकडे सांगत नाहीत म्हणून तेही सांगायला तयार नाही. कर्व्यांच्या घरातली खरी सून ती. १९२९ साली सासरे स्वतः बर्लिनला गेले तेव्हा त्या तिथेच काम करीत होत्या. त्या दौऱ्यात अण्णासाहेबांनी आइन्स्टाइनची भेट घेतली, आणि चरित्रकार त्या भेटीवर लुब्ध असतात. आम्हाला विचाराल तर कवट्यांच्या कपाटाशी उभ्या असलेल्या सुनेची भेट जास्त मोलाची.

परत आल्यावर त्या काही वर्षे सासऱ्यांच्याच विद्यापीठाच्या रजिस्ट्रार होत्या. मग ते सोडून डेक्कन कॉलेजात गेल्या आणि नातेव्यवस्थेपासून महाभारतावरच्या ‘युगान्त’पर्यंत आपले काम उभे केले. सासऱ्यांविषयी त्यांनी लिहिले ते आदराने आणि डोळे उघडे ठेवून. दिनकररावांनी ‘द न्यू ब्राह्मन्स’ या १९६३च्या पुस्तकात महाराष्ट्रातल्या पाच कुटुंबांच्या कहाण्या एकत्र केल्या, त्यांत आपल्या घराची कहाणीही अभ्यासाला ठेवली. आपल्याकडे थोरांची मुले वडिलांची चरित्रे लिहितात ती बहुधा गंधफूल वाहिलेली असतात. इथे वडील हा अभ्यासाचा विषय झाला.

ही खोड पुढेही उतरली. दिनकरराव-इरावतीबाईंचे चिरंजीव आनंद कर्वे वनस्पतिशास्त्रज्ञ झाले, आणि १९९६ साली त्यांनी ग्रामीण तंत्रज्ञानाची ‘आरती’ ही संस्था काढली. त्यांचे एक उदाहरण द्यायला हवे. गोबरगॅस म्हटले की शेण, ही आपली पक्की समजूत. आनंदरावांनी उलट बाजूने विचार केला. गॅस तयार करणारे जिवाणू शेणातून येतात ते जनावराच्या पोटातून, आणि जनावर काही शेण खात नाही. त्या जिवाणूंना थेट अन्नच का देऊ नये? खरकटे, शिळा भात, खराब पीठ, असे पिष्टमय आणि गोड पदार्थ टाकले तर थोड्या मालावर आणि थोड्या वेळात गॅस मिळतो, संयंत्र गच्चीवर मावेल एवढे होते. त्याआधी उसाच्या पाचटापासून कोळसा करायची पद्धतही त्यांच्या संस्थेने बसवली होती. पाचट शेतात पेटवून देण्याची आपली रीत. तिथे त्यांनी इंधन पाहिले. या दोन्ही कामांना अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाले, २००२ आणि २००६ साली. आनंदरावांची कन्या प्रियदर्शिनी कर्वे भौतिकशास्त्र शिकून चुलींच्या संशोधनाकडे वळल्या. इरावतीबाईंची मुलगी जाई निंबकर लेखिका, सासर फलटणचे. तिथल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत त्यांची मुलगी चंदा निंबकर यांनी सुंदरबनाकडच्या गरोळे मेंढीतला जुळी देणारा जनुक दख्खनी मेंढीत आणण्याचे काम केले. धनगराच्या कळपात एका वेताला एकाऐवजी दोन कोकरे. हिंगण्याच्या झोपडीपासून फलटणच्या मेंढवाड्यापर्यंत हा प्रवास सरळ रेषेतला नाही, आणि तो अण्णासाहेबांनी आखून दिलेलाही नव्हता. त्यांनी आखून दिला असता तर नातवंडे-पतवंडे आज आश्रमाच्या कार्यकारी मंडळावर बसली असती. आपल्याकडच्या संस्थापकांच्या घराण्यांची वाटचाल बहुधा तीच असते. संस्था हा वारसा होतो, खुर्ची मुलाला मिळते, मग सुनेला. कर्व्यांच्या पुढच्या पिढ्यांतल्या बहुतेकांनी आपापले प्रश्न स्वतः शोधले.

अण्णासाहेबांची शताब्दी १८ एप्रिल १९५८ रोजी मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर साजरी झाली. पंडित नेहरू आले होते. त्या दिवशी टपाल तिकीट निघाले, आणि त्यावर छापलेला माणूस समोर हयात बसलेला होता. त्यानंतर चार वर्षांनी, ९ नोव्हेंबर १९६२ रोजी ते गेले.

बाया त्या शताब्दीला नव्हत्या. त्या १९५० सालीच गेल्या. या सगळ्या जमाखर्चात त्यांची बाजू कुठे मांडायची हा प्रश्न उरतो. पगार आला की संस्थेत, शिल्लक पडली की संस्थेत. चार मुलांचे घर चालवायचे कसे हे बायांनी बघायचे. त्यांची धाकटी विधवा बहीण पार्वतीबाई आठवले आश्रमाचा आधारस्तंभ झाली, आश्रमासाठी निधी गोळा करायला अमेरिकेपर्यंत गेली. आणि ज्यांच्या लग्नापासून हे सारे सुरू झाले त्या बाया, पुनर्विवाहित म्हणून, आश्रमवासी आणि देणगीदार बिथरू नयेत म्हणून, सुरुवातीची कितीतरी वर्षे त्या कामापासून दूर ठेवल्या गेल्या. वसंत कानेटकरांनी १९७२ साली ‘हिमालयाची सावली’ हे याच संसारावर बेतलेले नाटक लिहिले त्यात नानासाहेब भानूंपेक्षा बयोच प्रेक्षकांच्या मनात घर करून राहते, ते उगाच नाही. खुद्द बायांचे ‘माझे पुराण’ १९४४ साली आले. ठसकेबाज, तक्रारखोर, हसवणारे आणि कुणाचीही भीड न ठेवणारे पुस्तक. जयंतीच्या समारंभांत ‘आत्मवृत्ता’तले उतारे वाचले जातात, बायांच्या पुराणातला एकही नाही. यंदा संयोजकांनी निदान एका शाळेत दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून मुलींकडून वाचून घ्यावीत. एकाच संसाराचे हिशेब आहेत, एकाच घरात लिहिलेले, आणि त्यांतल्या रकमा जुळत नाहीत.